चाळणीला लावलेलं वळण

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कंपनीत पोस्टमास्तर असं पद कुठेच नव्हतं. तरीही पोस्टमास्तर म्हटलं की शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस येई. कागदोपत्री ते मेल सर्व्हर सांभाळणारे तंत्रज्ञ होते. पण कागदोपत्री काय, प्रत्येक जण काही ना काही असतोच.

पोस्टमास्तरांचा दिवस कोंडवाडा उघडण्याने सुरू होई. कोंडवाडा हे नाव त्यांनीच ठेवलेलं. कंपनीत येणारा प्रत्येक मेल आधी सर्व्हरवरच्या एका सॉफ्टवेअरमधून गाळून जाई. त्याला ते चाळणी म्हणत. चाळणी प्रत्येक मेलची झडती घेई. 'मोफत' हा शब्द सापडला, टाक गुण. उद्गारचिन्हांची रांग सापडली, टाक आणखी गुण. गुण मर्यादेपलीकडे गेले की मेल कचरा ठरे आणि कोंडवाड्यात जाई.

आता चुकत नाही अशी चाळणी नसते, पण ही जरा हौसेनेच चुके. वजनकाट्यांच्या कंपनीला गिऱ्हाईक लिहून लिहून काय लिहिणार? 'तुमचा काटा वजन कमी दाखवतो.' 'वजन कमी' हे दोन शब्द शेजारी दिसले की चाळणीला वाटे, आली बारीक होण्याच्या गोळ्यांची जाहिरात. तक्रार गेली कोंडवाड्यात. उलट टकलावर केस उगवून देणारे मेल डुलत डुलत मोठ्या साहेबांच्या इनबॉक्समध्ये जाऊन बसत. मोठ्या साहेबांच्या डोक्यावर एक केस नव्हता. रोज सकाळी आपल्याला कुणीतरी मुद्दाम डिवचतंय असं त्यांना वाटे.

याचं कारण साधं होतं. कचरा पाठवणारे रोज नव्या युक्त्या काढतात, म्हणून चाळणी बनवणारे रोज नवे नियम पाठवतात. ते आपोआप सर्व्हरवर येऊन बसावेत अशी सोय असते. पोस्टमास्तरांनी ती सोय फार पूर्वीच बंद करून टाकली होती. कुणी विचारलंच तर म्हणत, "नवे नियम आपल्या सर्व्हरला मानवत नाहीत."

सर्व्हरला की आणखी कुणाला, हे कुणी विचारलं नाही.

कारण चाळणी चुकली की पोस्टमास्तरांचा फोन वाजे. "मास्तर, माझा एक मेल अडकलाय का हो?" मग पोस्टमास्तर जरा थांबत. लगेच उत्तर दिलं तर काम सोपं वाटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "बघतो. सांगता येत नाही. हल्ली फार कडक झालंय सगळं." आणि थोड्या वेळाने स्वतः फोन करून म्हणत, "साहेब, तुमचा मेल सोडवला बरं का."

सोडवला! जणू माणूस तुरुंगातून जामिनावर आणला. विक्री विभागातल्या उद्गारचिन्हबहाद्दराला तर ते दिवसाआड सोडवत. त्या बदल्यात पैसा कुणी देत नव्हतं आणि पोस्टमास्तरांनी घेतलाही नसता. पण कँटीनमध्ये रांग त्यांच्यासाठी जरा सरके. रजेचा अर्ज वर जाऊन त्याच दिवशी खाली येई. लिफ्टमध्ये कोपऱ्यातली माणसंसुद्धा मान वळवून "काय मास्तर" म्हणत. कुणावर आपला किती उपकार बाकी आहे हे पोस्टमास्तरांना तोंडपाठ होतं. वसूल करायची त्यांना घाई नव्हती; बाकी आहे यातच त्यांचं पोट भरे.

एका गोष्टीने मात्र गडबड केली. पोस्टमास्तर मेहुणीच्या मुलीच्या वाढदिवसासाठी रजेवर गेले असताना एका मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार कोंडवाड्यात जाऊन बसली. बंदरावरचे मोठे काटे, दरसालचं काम. गिऱ्हाइकाने पुन्हा लिहिलं, तेही अडकलं. तिसऱ्यांदा त्याने दुसऱ्या कंपनीला लिहिलं.

मोठ्या साहेबांनी सर्व्हर सांभाळायला आणखी एक माणूस घ्यायचं ठरवलं. जाहिरात निघाली. पोस्टमास्तरांनी घरी जेवताना हे तुच्छतेने सांगितलं. बायकोने ते तितक्याच प्रेमाने बहिणीला कळवलं. पुढच्या महिन्यात पोस्टमास्तरांच्या शेजारच्या टेबलावर जो माणूस येऊन बसला तो त्यांचा सख्खा साडू होता.

"मला आधी सांगायचंस तरी," पोस्टमास्तर घरी येऊन म्हणाले.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"काही नाही. आनंद झाला असता."

"मग आता व्हा आनंदी. उशीर कुठे झालाय?"

साडू म्हणजे माणूस असा की त्याच्यावर राग धरायला जागा शोधावी लागे. वयाने लहान, आवाज मऊ, बोलणाऱ्याचं पूर्ण ऐकून घेण्याची वाईट खोड. घर पोस्टमास्तरांच्या घराएवढंच, पण बाल्कनी उन्हाच्या बाजूला. गाडी जुनी, पण पहिल्या झटक्यात सुरू होणारी. आणि सगळ्यात कळस म्हणजे सासूबाई. पूर्वी सासूबाईंचा फोन बंद पडला की त्या मोठ्या जावयाला बोलावत. पोस्टमास्तर जात, फोन बंद करून चालू करत आणि सासूबाई म्हणत, "तुमच्या हाताला गुण आहे." धाकट्या जावयाने एकदा बसून त्यांना फोन बंद करून चालू कसा करायचा हे शिकवलं. तेव्हापासून त्यांनी कुणालाच बोलावलं नाही, आणि येईल त्याला त्या धाकट्याचं कौतुक सांगत.

ऑफिसातही तेच झालं. साडूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "दादा, नियमांचे अपडेट बंद का आहेत?"

"मानवत नाहीत."

"बरं." साडूंनी पूर्ण ऐकून घेतलं. "आपण एकदा चालू करून पाहू या का? नाही मानवले तर तुम्ही सांगाल तसं करू."

यात नाही म्हणायला फट कुठे होती? साडूंनी सॉफ्टवेअर नवं केलं, रोजचे नियम आपोआप यायला लावले, पोस्टमास्तरांनी हाताने लिहिलेले जुने नियम एकेक करून त्यांनाच विचारून काढले. 'वजन कमी' वाला नियम काढताना साडू हसलेसुद्धा नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

आणि मग फोन वाजायचा थांबला.

पहिल्या दिवशी पोस्टमास्तरांना वाटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावून पाहिला. घुंऽऽ असा आवाज ठणठणीत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोंडवाडा उघडला तर आत एकही भला मेल नव्हता. नुसता अस्सल, निवडक कचरा. तो पाहून त्यांना भरलं घर रिकामं झाल्यासारखं वाटलं. त्यानंतर त्यांनी कोंडवाडा उघडणंच सोडून दिलं.

उद्गारचिन्हबहाद्दर आता सरळ साडूंच्या टेबलाशी येऊन उभा राही. काम काही नसे. "काय जादू केलीत हो! एकही मेल अडकत नाही!" तो उद्गारचिन्हांतच बोले. पोस्टमास्तर शेजारी बसून कीबोर्ड फुंकत. ज्या माणसाला आपण इतक्या वेळा सोडवलं, तो कधी आभाराचा एक मेल लिहिता झाला नाही. आणि ज्याने त्याला अडकूच दिलं नाही, त्याच्या नावाने हा आरत्या ओवाळतो? हा कुठला न्याय?

साडूंनी एक काम मात्र पोस्टमास्तरांकडे दिलं. "दादा, नवी चाळणी शिकते. विभागाच्या पत्त्यावर जे मेल येतात, त्यातले चांगले एका बाजूला टाकायचे, कचरा दुसऱ्या बाजूला. त्या दोन ढिगांवरून ती शहाणी होते. हे काम तुम्हीच करा. इथली माणसं तुम्हाला माहीत, मला कुठे?"

"म्हणजे तिला वळण लावायचं."

"अगदी बरोबर शब्द वापरलात."

साडूंनी हे मनापासून म्हटलं, आणि म्हणूनच ते पोस्टमास्तरांना झोंबलं. लहान मूल सांभाळायला आजोबांकडे द्यावं, तसं.

ते निमूट ढीग लावू लागले. विभागाच्या त्या पत्त्यावर बिलं येत, तक्रारी येत, आणि हल्ली आभाराचे मेलही येऊ लागले होते. एक दिवस त्यात ओळखीचं नाव दिसलं. त्यांच्या बायकोचं. साडूंचा निराळा पत्ता तिच्याकडे नव्हता. हा पत्ता पोस्टमास्तरांनीच तिला कधीकाळी अडीअडचणीला म्हणून दिला होता, आणि त्यावर तिने एकदाही, एका ओळीनेही, त्यांना लिहिलं नव्हतं.

'भाऊजी,' तिने लिहिलं होतं, 'तुमचे मनःपूर्वक आभार आणि अभिनंदन. तुम्ही रुजू झाल्यापासून आमच्याकडे जेवताना फोन वाजत नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घरी जेवायला बसलेत असं वाटतं. तुमची ताई.'

पोस्टमास्तरांनी मेल दोनदा वाचला. त्यात आपलं कौतुक आहे की तक्रार, हे त्यांना नीटसं कळेना. पण आभार कुणाचे मानलेत याबद्दल शंका नव्हती. त्यांनी तो मेल उचलला आणि लॉटरीवाले आणि केस उगवणारे यांच्यामध्ये, कचऱ्याच्या ढिगात नेऊन ठेवला.

फार बरं वाटलं. पाठीला खाज सुटावी आणि नेमक्या जागी हात पोचावा, तसं.

आणि एकदा ती जागा सापडल्यावर कोण थांबतं? दुसऱ्या दिवशी उद्गारचिन्हबहाद्दराचा 'अभिनंदन!!!' गेला. मग हिशेबनिसांचं 'आपल्यामुळे काम सोपं झालं'. मग गोदामाचं, मग पॅकिंगवाल्या बाईंचं. साडूंची स्तुती जिथे म्हणून दिसे तिथून पोस्टमास्तर ती चिमटीत धरून कचऱ्यात टाकत. यामागे काही कारस्थान नव्हतं. चाळणी यातून काय शिकेल असा विचार त्यांनी केलाच नाही. मूल बघत असताना मोठी माणसं जे करतात ते मूल शिकतं, हे ज्यांच्या लक्षात येत नाही त्यांच्यातले ते एक.

चाळणी मात्र बघत होती. 'अभिनंदन' या शब्दावर तिचा आधीपासूनच डोळा होता, कारण जगातला प्रत्येक लॉटरीवाला पहिल्या ओळीत अभिनंदनच करतो. त्यात घरचाच माणूस रोज येऊन सांगू लागला की 'मनःपूर्वक' म्हणजे कचरा, 'आभार' म्हणजे कचरा, 'आपल्यामुळे' म्हणजे तर शुद्ध कचरा. तिने ते मनावर घेतलं.

विभागाच्या पत्त्यावर साडूंचं कौतुक येणं बंद झालं. पोस्टमास्तरांना वाटलं, लोकांची हौस फिटली. त्यांनी समाधानाने पाय लांब केले.

पण चाळणी काही फक्त साडूंसाठी नव्हती. ऑफिसातून ऑफिसात जाणारा मेलसुद्धा तिच्यातूनच जाई. हळूहळू कंपनीत एक चमत्कारिक कडवटपणा पसरला. विक्रीवाले म्हणू लागले, हल्लीची गिऱ्हाइकं कृतघ्न. गोदामवाले म्हणू लागले, विक्रीवाल्यांसाठी मरमर मरा, एक ओळ लिहीत नाहीत. पॅकिंगवाल्या बाईंनी हिशेबनिसांना पदोन्नतीबद्दल चांगला परिच्छेदभर मेल लिहिला होता. हिशेबनिसांनी जिन्यात त्यांच्याकडे बघून मान फिरवली. बिलं वेळेवर पोचत होती, तक्रारी पोचत होत्या, चुका दाखवणारे मेल तर विजेच्या वेगाने पोचत होते. अडत होतं ते फक्त कुणी कुणाला बरं म्हटलेलं.

त्यातच विभागप्रमुख काका निवृत्त व्हायला निघाले. त्यांना सगळे काकाच म्हणत. त्यांची खुर्ची खिडकीशी होती. पाठ उंच, हात ठेवायला मऊ गाद्या. त्या खुर्चीवर पोस्टमास्तरांचा डोळा इतक्या दिवसांचा होता की ती आपल्याकडे बघून ओळखीचं हसते असं त्यांना वाटे. साडू येईपर्यंत प्रश्नच नव्हता. आता मात्र ती खुर्ची कुणाची, हे शिपायालासुद्धा कळत होतं.

काका स्वतःच्याच दुःखात होते. "एक मेल नाही रे मास्तर," ते म्हणाले. "जातोय म्हणून कळवलं सगळ्यांना. एकानेही दोन शब्द लिहिले नाहीत. माझ्या जाण्याचीच वाट पाहत होती म्हणायची मंडळी."

"लोकांचं असंच असतं, काका," पोस्टमास्तर म्हणाले, आणि दोघांनी बराच वेळ लोकांना नावं ठेवली. अलीकडच्या दिवसांतला तो पोस्टमास्तरांचा सगळ्यात सुखाचा वेळ होता.

मोठे साहेब तोंडाने फारसं बोलत नसत. जे काय असेल ते लेखी, आणि लेखी उत्तराची वाट पाहायची, अशी त्यांची पद्धत. सोमवारी ते पोस्टमास्तरांना वऱ्हांड्यात भेटले आणि चक्क हसले. पोस्टमास्तर मनात म्हणाले, कीव आली असणार. मंगळवारी साहेबांनी भुवया उंचावून पाहिलं. अजून राजीनामा कसा देत नाही, असं विचारत असणार. बुधवारी ते न हसताच पुढे गेले.

साडूंचंही काहीतरी चाललं होतं. ते सारखं विचारत, "दादा, काही कळलं का?"

"कशाबद्दल?"

"नाही, सहजच."

सहजच! खुर्ची खिशात घालून हा माणूस वर सहजच विचारतो! पोस्टमास्तरांनी त्या रात्री बायकोसमोर ताट सरकवलं. "तुझ्या भाऊजींना गोड बोलून गळा कापायची सवय आहे."

"त्यांना? त्यांना तर माझ्या मेलला उत्तर द्यायचीसुद्धा सवय नाही," बायको म्हणाली. "चांगला आभाराचा मेल केला होता. हूं नाही की चूं नाही. मला नव्हतं वाटलं असे असतील ते."

पोस्टमास्तरांनी सरकवलेलं ताट पुन्हा जवळ ओढलं आणि मन लावून जेवले.

गुरुवारी दुपारी मोठे साहेब साडूंच्या टेबलापाशी आले आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणाले. पोस्टमास्तरांना फक्त 'उद्यापर्यंत' एवढंच ऐकू आलं. साडूंचा चेहरा पडला. झालं, पोस्टमास्तरांना वाटलं, उद्यापासून खिडकीशी. साडू वळून स्क्रीनसमोर बसले आणि बराच वेळ नुसते वाचत राहिले. मधेच त्यांनी कानशील खाजवलं. एकदा पोस्टमास्तरांकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रीनकडे. नेहमी मऊ असणारा त्यांचा चेहरा पोस्टमास्तरांनी असा कधी पाहिला नव्हता. दोन ढिगांतला कचऱ्याचा ढीग त्यांनी उघडला होता, हे पोस्टमास्तरांना कळायला वेळ लागला नाही. आणि कळलं तेव्हा ते कीबोर्ड फुंकायला लागले.

फोन वाजला. किती दिवसांनी! पोस्टमास्तरांनी सवयीने पहिल्याच घंटेला उचलला. बोलणारा माणूस शेजारच्याच टेबलावर होता आणि त्यांच्याकडे पाठ करून बसला होता.

"दादा," साडू फोनमध्ये म्हणाले, "तुमचा एक मेल अडकला होता. सोडवला बरं का."

पोस्टमास्तरांनी इनबॉक्स उघडला. मेल मोठ्या साहेबांचा होता आणि गेल्या शुक्रवारचा होता.

'मनःपूर्वक अभिनंदन. काकांच्या जागी विभागप्रमुख म्हणून आपली निवड करताना आनंद होत आहे. आपल्या नव्या सहकाऱ्यांनी आग्रहाने आपलंच नाव सुचवलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इथली माणसं आपल्याइतकी कुणालाच माहीत नाहीत. स्वीकार असल्यास आठवडाभरात कळवावे. उत्तर न आल्यास नकार समजून त्यांना विचारावे लागेल.'

आठवडा उद्या संपत होता.

पोस्टमास्तर एका हातात रिसीव्हर धरून बसले. खुर्ची मिळाली याचा आनंद झाला होता, पण तो आत कुठेतरी होता, आणि दारात दुसराच कुणीतरी पाय रोवून उभा होता. साडूंनी सुचवलं! म्हणजे उद्या त्या मऊ गाद्यांवर हात ठेवला की प्रत्येक वेळी आठवणार, ही यांनी दिलेली. सासूबाईंना कळणार. बायकोला कळणार. आतापर्यंत ते लोकांवर उपकारांची बाकी चढवत आले होते. आता त्यांच्या नावावर एवढी मोठी बाकी चढली, आणि तीही एका साडूची.

"तुम्हीच का नाही घेतली खुर्ची?" ते फोनमध्ये म्हणाले. दोघांनाही वळून बोलणं सोपं होतं, पण कुणी वळलं नाही.

"मला माणसांचं जमत नाही, दादा. मला मशीनचं जमतं. तुम्हाला माणसांचे फोन आवडतात."

यात टोमणा आहे का, हे पोस्टमास्तरांनी नीट तपासलं. नव्हता. तो नसल्याचाच जास्त त्रास झाला.

"त्या ढिगाचं काय?" अखेर त्यांनी विचारलं.

"तिला उलटं शिकवावं लागेल. कचऱ्यातला एकेक चांगला मेल उचलून परत चांगल्यात टाकायचा. बघून. नुसते सगळे एकदम उचलले तर खरा कचरापण जाईल त्यात." साडूंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "मी केलं असतं. पण माझंच कौतुक मी कसं वेचू? बरं दिसत नाही ते."

पोस्टमास्तरांनी साहेबांना उत्तर लिहिलं. 'आभारी आहे, स्वीकार आहे.' 'आभारी' शब्द खोडून त्यांनी नुसतंच 'स्वीकार आहे' ठेवलं. चाळणी अजून जुन्याच वळणाची होती, उगाच धोका कशाला. मग बाह्या सावरून ते ढिगासमोर बसले.

अशी शिक्षा कुठल्या न्यायाधीशाला सुचली नसती. साडूंचं कौतुक, एकेक करून, पुन्हा. 'शांत स्वभाव.' उचला. 'किती पटकन समजून घेतात!!!' उचला. 'असा माणूस कंपनीला लाभला.' उचला, आणि चांगल्यात ठेवा, स्वतःच्या हाताने, आणि चाळणीला सांगा, बाई, हे चांगलं आहे, हे चांगलं आहे, हे चांगलं आहे. पोस्टमास्तरांचं तोंड प्रत्येक मेलगणिक आंबट होत गेलं. शेजारी साडू दुसरीकडे तोंड करून कुठलंसं मशीन उघडत बसले होते, आणि मुद्दाम इतका आवाज करत होते की आपलं लक्ष नाही हे कुणालाही कळावं.

शेवटी एक मेल उरला. तो त्यांनी उचलला नाही. एका मेलने चाळणी काय बिघडणार, असं स्वतःला सांगून त्यांनी संगणक बंद केला.

शुक्रवारी सकाळी कोंडवाड्याचं दार उघडलं आणि अडकलेली सगळी बरी बोलणी एकदम बाहेर पडली. काका टेबलावर डोकं टेकून स्वतःच्या निरोपाचे मेल वाचत होते आणि चष्मा पुसत होते. हिशेबनीस जिन्यातून पॅकिंगवाल्या बाईंकडे धावत गेले. आणि पोस्टमास्तरांचा फोन वाजायला लागला तो थांबेना.

"मास्तर, हे काय झालं? इतके दिवस कुठे होते हे मेल?"

"अडकले होते," पोस्टमास्तर भरदार आवाजात म्हणत. "सोडवले बरं का."

प्रत्येक वेळी हे म्हणताना ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून साडूंकडे बघत. साडू मान खाली घालून काम करत. एकदाही त्यांनी मान वर केली नाही, एकदाही घसा खाकरला नाही. पोस्टमास्तरांना वाटलं, या माणसाने काहीतरी बोलावं. एक टोमणा मारावा, म्हणजे फिटंफाट होईल. पण साडू काही हिशेब मिटवायला तयार दिसत नव्हते.

संध्याकाळी घरी बातमी आधीच पोचली होती. मेहुणीने बहिणीला सांगितलं होतं, सासूबाईंचा फोन येऊन गेला होता. बायको आनंदात होती. ताटं वाढली, दोघं बसली, आणि फोन वाजला.

बायकोने हातातला घास हातात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. पोस्टमास्तरांनी त्या पाहण्याकडे पाहिलं, आणि तरीही उचलला.

"दादा, जेवताना त्रास दिला," साडू म्हणाले. "एक राहिलाय बघा त्या ढिगात. ताईंचा आहे. मी हात नाही लावला. आतलं वाचलंही नाही, नुसतं नाव दिसलं."

"हं."

"घरून काढता येतो. नाहीतर सोमवारी बघा. तुम्ही आता प्रमुख, तुम्ही ठरवा."

फोन ठेवून पोस्टमास्तरांनी ताटावर झाकण ठेवलं. मग उठले, हात पुसले, आतल्या खोलीत जाऊन संगणक उघडला. तो मेल तिथेच होता, लॉटरी आणि केसांच्या मध्ये. 'पहिल्यांदा घरी जेवायला बसलेत असं वाटतं.' त्यांनी तो उचलून चांगल्यात टाकला आणि साडूंच्या नावे पुढे पाठवून दिला. मग फोन खोलीतच ठेवला, दार ओढून घेतलं आणि येऊन बसले.

"कोण होतं?" बायकोने विचारलं.

"तुझे भाऊजी."

"आता काय झालं त्यांचं?"

"तुझा मेल मिळाला म्हणे त्यांना. आताच."

"आताच? अहो, किती दिवस झाले पाठवून! एवढं नवं सॉफ्टवेअर घातलंय म्हणता, मग माझाच बरा अडवला त्याने?"

आतल्या खोलीत फोन पुन्हा वाजू लागला होता. पोस्टमास्तरांनी कान टवकारले, अर्धवट उठले, आणि परत बसले.

"नवं आहे," ते म्हणाले. "अजून शिकतंय."